युगांडाच्या आठवणींतला हरवलेला सोमवार

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे बघायला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. तिथे युगांडाहून आलेल्या एखाद्या आजींना "तुम्ही इथे कशा आलात?" असं विचारून बघा. गोष्ट बहुतेक वेळा ऑगस्ट 1972 पासून सुरू होते. इदी अमीनचं फर्मान, 90 दिवसांची मुदत, सोबत न्यायला मिळालेले 50-55 पौंड, स्टॅनस्टेडला उतरल्यावर अंगावर आलेली थंडी, कुणीतरी दिलेला जुना कोट. सुमारे 28 हजार माणसं अशी ब्रिटनमध्ये आली. 2022 साली या घटनेला 50 वर्षं झाली, तेव्हा प्रदर्शनांत आणि मुलाखतींत हीच गोष्ट आपण ऐकली.

गोष्ट खरी आहे. माझी तक्रार एवढीच की ती दीड वर्ष उशिरा सुरू होते.

25 जानेवारी 1971, सोमवार. राष्ट्राध्यक्ष मिल्टन ओबोटे राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला गेले होते. मागे लष्कराने उठाव केला. रेडिओवरून एका सैनिकाने उठावाची 18 कारणं वाचून दाखवली आणि राष्ट्राध्यक्षाची सत्ता लष्करप्रमुख इदी अमीनच्या हातात गेली. आणि कम्पालाच्या रस्त्यांवर लोक नाचले.

होय, नाचले. बुगांडाच्या लोकांचा ओबोटेवर राग होता, कारण 1966 मध्ये त्याने त्यांच्या राजाच्या महालावर सैन्य घातलं होतं. त्या सैन्याचं नेतृत्व खुद्द अमीननेच केलं होतं, पण त्या दिवशी ते कुणाला आठवायचं नव्हतं. आशियाई व्यापाऱ्यांनाही ओबोटे नकोसा झाला होता. 1969 च्या परवाना कायद्याने त्यांच्या दुकानांवर गदा आली होती आणि मे 1970 मध्ये मोठ्या कंपन्यांत सरकारचा 60 टक्के हिस्सा जाहीर झाला होता. ब्रिटनचं म्हणाल तर नव्या राजवटीला त्याने दोन आठवड्यांच्या आत मान्यता दिली. जुलैमध्ये अमीन लंडनला येऊन राणीसोबत जेवूनही गेला. थोडक्यात, सगळ्यांनाच जरा बरं वाटलं होतं.

आता हा सोमवार आपल्याला दाखवतं कोण? 'द लास्ट किंग ऑफ स्कॉटलंड' (2006) तुम्ही पाहिला असेल. सत्तापालट आणि अमीनभोवतीची खूश गर्दी त्यात आहे, पण ती दिसते एका तरुण स्कॉटिश डॉक्टरच्या डोळ्यांनी, आणि तो डॉक्टर काल्पनिक आहे. म्हणजे पडद्यावरच्या त्या दिवसाला साक्षीदार आहे, पण उसना. आशियाई माणसांची हकालपट्टी तर त्यात येते आणि निघून जाते. मीरा नायर यांचा 'मिसिसिपी मसाला' (1991) मला जास्त जवळचा, पण तो उघडतो तोच 1972 च्या कम्पालात, घर सोडायच्या दिवशी. जय या वकिलाचं दुःख आपल्याला आतपर्यंत कळतं. उठावाच्या दिवशी त्याला काय वाटलं होतं, ते मात्र चित्रपट त्याला विचारत नाही.

महमूद ममदानी यांचं 'फ्रॉम सिटिझन टू रेफ्युजी' (1973) हे या तिघांत सगळ्यात अवघड बोलणारं काम. (झोहरानचे वडील म्हणून तुम्ही त्यांना आता ओळखत असाल.) लंडनच्या केन्सिंग्टनमधल्या छावणीत ते स्वतः राहिले होते. त्यांच्या पुस्तकात आशियाई समाज नुसता बिचारा नाही. त्यात वर्ग आहेत, हितसंबंध आहेत, आणि ब्रिटनच्या मदतीवरही टीका आहे. कदाचित म्हणूनच स्मरणाच्या कार्यक्रमांत हा सूर कमी ऐकू येतो.

गेल्या वर्षी एका बाईंशी बोलत होते. 1972 बद्दल त्या दीड तास बोलल्या. मी 1971 चा विषय काढला तर म्हणाल्या, "आधी ते मशीन बंद कर." मी बंद केलं. त्या पुढे काय बोलल्या ते इथे लिहिणार नाही, तसा शब्द दिलाय. पण बंद करायला सांगणं हीसुद्धा एक साक्षच आहे, असं मला तेव्हापासून वाटतंय.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसांना कशाला छळायचं? हा प्रश्न मलाही पडतो. पण त्या गाळलेल्या दीड वर्षात फक्त आपला सुटकेचा नि:श्वास नाहीये. 1971 मध्येच बराकींमध्ये अचोली आणि लांगी सैनिकांची कत्तल झाली. गोष्ट ऑगस्ट 1972 पासून सुरू केली की अमीनचे पहिले बळी आपण ठरतो, आणि ती माणसं दुसऱ्यांदा पुसली जातात. कुणाला दोषी ठरवण्यासाठी नाही, त्यांच्यासाठी तो सोमवार हवा.

आणि हे फक्त गुजराती घरांचं आहे असं समजू नका. जून 1975 मध्ये राष्ट्रपतींच्या एका सहीने आणीबाणी आली. त्याच वर्षीच्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनातल्या दुर्गाबाई भागवत आपल्याला अभिमानाने आठवतात. विनोबांशी जोडलेले 'अनुशासन पर्व' हे शब्द मात्र जरा हळू आवाजात निघतात. मी विचारलेल्या प्रत्येक मराठी घरात सगळेच दुर्गाबाईंच्या बाजूचे होते. मग "गाड्या वेळेवर धावायला लागल्या होत्या हो" असं म्हणणारे नेमके कुठे राहत होते?

माझ्याच घरात. आजोबा म्हणायचे. मी कधी रेकॉर्ड केलं नाही, आणि आता ते नाहीत.

तेव्हा या सुट्टीत घरच्यांची मुलाखत घेणार असाल, तर "त्रास कधी सुरू झाला?" इथून सुरुवात करू नका. "त्याच्या आधी तुम्हाला बरं कधी वाटलं होतं?" असं विचारा, आणि उत्तर आलं की लगेच मान हलवून न्याय करू नका. समोरच्याने मशीन बंद करायला सांगितलं तर बंद करा. पण उठू नका. चहा ठेवा.