'फँड्री'तील शाळा आणि विद्यार्थ्याचे मानसिक स्वास्थ्य

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर (ता. करमाळा) येथील नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (2013) हा चित्रपट जातवास्तवाच्या अंगाने विशेष चर्चिला गेला, परंतु शालेय विद्यार्थ्याच्या मानसिक कोंडीचे चित्रण म्हणूनही तो महत्त्वाचा ठरतो. कुटुंब डुक्कर पकडत असताना जब्या वर्गमित्रांच्या नजरेपासून लपतो. पुढे तेच डुक्कर महापुरुषांची चित्रे रंगविलेल्या शाळेच्या भिंतीसमोरून वाहून नेले जाते. 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी समुपदेशक अथवा तत्सम तज्ज्ञ नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये बजावले. मात्र जब्याचे दुःख हा त्याचा आजार नव्हे. ते इतरांच्या हसण्यातून उपजले आहे. त्यामुळे समुपदेशनाचा प्रारंभ हसणाऱ्यांपासूनच व्हावयास हवा. प्रेक्षकाच्या दिशेने भिरकावलेल्या अखेरच्या दगडाचा अर्थ असाही लावता येतो.