दुसरी चाल आणि अकरावी चाल

सोलापुरातल्या शालेय बुद्धिबळ स्पर्धांच्या पहिल्या फेरीत एखाद्या तरी पटावर पांढरा वजीर दुसऱ्याच चालीला एच५वर येऊन उभा राहतो. चार चालींत मात करायची घाई! प्रशिक्षक डोळे वटारतात. पण २००५मध्ये अमेरिकेच्या हिकारू नाकामुराने हीच चाल ग्रँडमास्टर कृष्णन शशिकिरणविरुद्ध केली, तेव्हा जाणकारही चक्रावले. शशिकिरण शांत राहिला. घोडा सी६, पांढऱ्याचा उंट सी४. मग काळं प्यादं जी६वर आलं आणि वजिराला एफ३वर सरकावं लागलं. पांढऱ्याचं फारसं बिघडलं नव्हतं, पण कमाईही काही नव्हती. पुढे डाव लांबला आणि नाकामुरा हरला.

आडवळणाच्या ओपनिंगचा मोह कळतो: समोरच्याचं पाठांतर एका फटक्यात निरुपयोगी! पण दुसऱ्या चालीला पट अजून मोकळा असतो. राजा कुठे न्यायचा, प्यादी कशी ठेवायची, हे सगळं ठरवायला समोरच्याला वाव असतो. धक्का बसतो, पण तो सावरतो.

आता २०२४ची, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी टोरांटोतली कँडिडेट्स स्पर्धा पाहू. दुसरी फेरी, पांढऱ्या बाजूला तोच नाकामुरा, काळ्या बाजूला नाशिकचा विदित गुजराथी. ओपनिंग बर्लिन डिफेन्स. राजासमोरची प्यादी दोन-दोन घरं, दोन्हीकडून घोडे, पांढऱ्याचा उंट बी५वर, काळ्याचा दुसरा घोडा एफ६वर. २०००च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रॅमनिकने याच्याच भिंतीआड कास्पारोव्हला थोपवलं होतं. नाकामुराने डी३ खेळून लवकरच्या वजीर-बदलीचा फाटा टाळला. इथवर सगळा राजरस्ता.

आणि अकराव्या चालीला विदितचा उंट एच३च्या प्याद्यावर तुटून पडला!

एका प्याद्यासाठी अख्खा उंट. पण वेळ पाहा. एच३ ही चाल आपण सगळे सवयीने, जी४वर कुणी येऊ नये म्हणून खेळतो. त्याच सवयीच्या प्याद्यावर घाला. कॅसलिंग झालेलं, राजाचा पत्ता पक्का. उंट मारावा तर राजासमोरची फळी फुटते. विदित घरून तयारी करून आला होता. नाकामुराला उत्तर घड्याळ चालू असताना शोधायचं होतं. विदित जिंकला आणि नाकामुराची ४७ क्लासिकल डावांची अपराजित मालिका तुटली.

दोन्ही चालींत धाडस आहे. फरक आहे तो जागेचा. रूढ ओपनिंगमध्ये प्रतिस्पर्धी कुठली घरं बांधणार, हे आधीच ठाऊक असतं. म्हणून तिथे पेरलेला सुरुंग नेमका फुटतो. तेव्हा रूढ ओपनिंग शिकावी की आडवळणाची, असं सोलापूरच्या एखाद्या होतकरू पोराने विचारलं, तर सांगेन: रूढच शीक, पण इतकी खोल शीक की वळण कुठे घ्यायचं ते तुला आधी दिसेल.