सेझिंकोट हाऊसची वास्तुशैली : एक चिकित्सा

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील सेझिंकोट हाऊसचा उल्लेख वास्तुकलेच्या इतिहासात बहुधा ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनची पूर्वपीठिका म्हणून येतो. त्यामुळे या वास्तूचे स्वतंत्र मूल्यमापन मागे पडते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत बंगालमध्ये श्रीमंत होऊन परतलेल्या चार्ल्स कॉकरेल याच्यासाठी त्याचा भाऊ सॅम्युअल पेपीस कॉकरेल याने सुमारे १८०५ पासून हे घर उभारले. तांब्याने मढविलेला कांद्याच्या आकाराचा घुमट, कोपऱ्यांवरील छत्र्या, भिंतींबाहेर आलेले रुंद छज्जे, यांवरून अभ्यासक त्यास 'भारतीय शैली'चे घर म्हणतात. ही संज्ञा तपासून पाहणे आवश्यक आहे.

सॅम्युअलने भारत पाहिला नव्हता. त्याचा मुख्य आधार होता चित्रकार थॉमस डॅनियल. डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम यांनी १७८६ ते १७९३ या काळात भारतात फिरून असंख्य वास्तू रेखाटल्या होत्या. परंतु चित्रकार वास्तू पाहतो ती बाहेरून. सेझिंकोटमध्ये नेमके तेवढेच उतरले आहे. दालनांची मांडणी आणि आतील सजावट अभिजात युरोपीय वळणाचीच; चौक नाही आणि चौकाभोवती फिरणारे कौटुंबिक जीवनही नाही. भारतात छज्जा ऊन अडवितो, पाऊस भिंतीपासून दूर ठेवतो. ग्लॉस्टरशरमध्ये पावसाची उणीव नाही. उन्हाची मात्र आहे. तेथे छज्जा प्रामुख्याने सावलीची एक देखणी रेघ होऊन राहतो.

उद्यानात ही निवड अधिकच स्वैर होते. डॅनियलने तेथे सूर्यमंदिर रचले, पुलाच्या कठड्यावर नंदी बसविले. थडग्यांवर व मशिदींवर शोभणारा घुमट आणि देवळापुढचा नंदी हे येथे एकाच चित्रसंग्रहाच्या पानांप्रमाणे शेजारी येतात. ज्या कारागिरांच्या परंपरेतून ही रूपे घडली, ती परंपरा मात्र या घराच्या वर्णनांत क्वचितच आढळते. कौतुक होते ते मालकाच्या हौसेचे. ही हौस कंपनीच्या पैशावर पुरविली गेली, हे विसरून चालणार नाही.

तरीही सेझिंकोट निव्वळ नक्कल ठरत नाही. मुख्य घरापासून कमानदार वळण घेत गेलेल्या ऑरेंजरीच्या खिडक्यांचे माथे मोरपिसाऱ्यासारखे पसरलेले आहेत. उष्ण प्रदेशातील झाडे इंग्रजी हिवाळ्यापासून जपणे, हे त्या काचघराचे काम. संपूर्ण वास्तूत बहुधा येथेच उसन्या रूपाला स्वतःचे प्रयोजन लाभले आहे.