दहा घड्याळे आणि एक वावटळ

काही महिन्यांपूर्वी डोंबिवलीतील एका शाळेच्या विज्ञान मंडळाने आम्हाला ‘कालमापन’ या विषयावर बोलायला बोलावले होते. व्याख्यान संपल्यावर नववीतील एका मुलीने वर्तमानपत्राचे कात्रण पुढे केले. टायटन कंपनीने २०२५ साली काढलेल्या ‘जलसा’ या मनगटी घड्याळाची ती बातमी होती. घड्याळे फक्त दहा, प्रत्येकाची किंमत चाळीस लाखांच्या घरात, संगमरवरी तबकडीवर जयपूरच्या हवामहालाचे लघुचित्र आणि आत ‘टुर्बियाँ’ नावाची यंत्रणा. मुलीने विचारले, “सर, हे घड्याळ लोकलची वेळ जास्त बरोबर दाखवतं का?”

मुले हसली. आम्हाला मात्र प्रश्न अगदी रास्त वाटला. महागड्या घड्याळांवर पानेच्या पाने लिहिली जातात. त्यांत सोने किती, हिरे किती, मालक कोण, हे सर्व असते. घड्याळाचा जो मूळ धर्म, त्याबद्दल एखादे वाक्य मिळाले तर नशीब. ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ रोजी आणि कल्याणपर्यंत १ मे १८५४ रोजी आगगाडी आली, तेव्हापासून या पट्ट्यातील माणूस मिनिटांच्या हिशेबात जगतो आहे. त्याच्या मुलीने हे विचारू नये तर कोणी विचारावे?

तिला त्या दिवशी आम्ही थोडक्यात ‘नाही’ असे उत्तर दिले. पण नुसते ‘नाही’ हे उत्तर अपुरे होते, म्हणून हा लेख.

प्रथम साध्या घड्याळाकडे पाहू. अनेक घरांत आजोबांचे एचएमटी ‘जनता’ अजून कपाटात असते. चावी दिली की मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना दातेरी चाकांची साखळी फिरवते. ही साखळी भरकन फिरून मोकळी होऊ नये म्हणून शेवटी एक अडसर असतो, त्याला एस्केपमेंट म्हणतात. तो एका वेळी एकच दात सोडतो. केव्हा सोडायचा हे ठरवते बॅलन्स चक्र. केसाएवढ्या बारीक, सर्पिल स्प्रिंगच्या जोरावर ते पुढे-मागे डोलत असते. घड्याळजी या स्प्रिंगला ‘बालकमानी’ म्हणतात. ‘जनता’मध्ये तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४,३२,०००. दिवसाचे सेकंद ८६,४००. स्वित्झर्लंडमध्ये ‘क्रोनोमीटर’ हे प्रमाणपत्र मिळवायला घड्याळ दिवसाला सरासरी ४ सेकंदांहून अधिक मागे किंवा ६ सेकंदांहून अधिक पुढे जाता कामा नये. म्हणजे चूक शेकडा ०.००७ च्या आत हवी. शाळेच्या प्रयोगशाळेतील किती उपकरणे एवढी अचूक असतात, याचा विचार शिक्षकांनी करून पाहावा.

या अचूकतेचा एक जुना शत्रू म्हणजे गुरुत्वाकर्षण. लंबकाच्या घड्याळाला ते हवेच असते, कारण लंबकाला मध्याकडे परत खेचणारे बल तेच. बॅलन्स चक्राला परत आणते स्प्रिंग. तिथे गुरुत्वाकर्षण म्हणजे निव्वळ लुडबूड. चक्राची एक बाजू किंचित जड राहिली आणि घड्याळ उभे धरले, तर ते चक्र काही अंशी लंबकासारखे वागू लागते. समजा जड बाजू खाली आहे. झोका लहान असेल तेव्हा गुरुत्वाकर्षण स्प्रिंगला मदत करते आणि घड्याळ पुढे जाते. झोका मोठा झाला की जड बाजू पार वरपर्यंत चढते, तिथे हेच बल उलट काम करते आणि घड्याळ मागे पडते. या दोहोंच्या मधे, मध्यस्थितीपासून सुमारे २२० अंशांच्या झोक्याला, दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढतात! पण मुख्य स्प्रिंग सैल होत जाते तसा झोकाही लहान होत जातो, त्यामुळे हा सुवर्णमध्य टिकत नाही. बारावीच्या विद्यार्थ्यांना सरल आवर्त गती शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. पुस्तकातील लंबकाला ते कंटाळलेले असतात.

पॅरिसमध्ये काम करणाऱ्या अब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळजीने यावर जो उपाय काढला, त्याचे पेटंट त्याला २६ जून १८०१ रोजी मिळाले. (हवामहाल १७९९ चा, म्हणजे तबकडीवरचे चित्र आणि आतले यंत्र जवळजवळ एकाच वयाचे आहे.) त्या काळी घड्याळ कोटाच्या खिशात दिवसभर एकाच दिशेने उभे असे. ब्रेगेने बॅलन्स चक्र आणि एस्केपमेंट एका छोट्या पिंजऱ्यात बसवले आणि तो पिंजराच सावकाश फिरता ठेवला. आता जड बाजू थोडा वेळ खाली, थोडा वेळ वर. एका फेरीत पुढे जाणे आणि मागे पडणे यांची बरीचशी वजाबाकी होते. टुर्बियाँ या फ्रेंच शब्दाचा अर्थ वावटळ. दोष काढून टाकता येत नसेल तर तो सगळ्या दिशांना सारखा वाटून टाकायचा, ही कल्पना विज्ञानात इतरत्रही उपयोगी पडली आहे, आणि ब्रेगेची बुद्धी निःसंशय मोठी होती.

पण खिसा वेगळा आणि मनगट वेगळे. डोंबिवलीहून सकाळच्या गाडीत चढणाऱ्या माणसाचा हात पाहा. वरची कडी धरलेला, मग पिशवी सांभाळणारा, मग जागा मिळालीच तर मांडीवर टेकलेला. जी वावटळ ब्रेगेने पिंजऱ्यात बसवली, ती मध्य रेल्वे फुकट देते! शिवाय पिंजरा त्याच्याच पातळीत फिरत असल्यामुळे उभ्या स्थितींतील फरकांची सरासरी निघते. घड्याळ आडवे असताना आणि उभे असताना पडणारा फरक तसाच राहतो. पिंजऱ्याचे ओझे ओढायला स्प्रिंगची जास्तीची ऊर्जा खर्च होते ती वेगळीच.

या यंत्रणेचा मनगटी घड्याळात प्रामाणिक उपयोग झालाच नाही असे नाही. १९४७ साली ओमेगाने अशी १२ यंत्रे वेधशाळांच्या स्पर्धांसाठी बनवली. तिथे घड्याळ एकेका ठरावीक स्थितीत दिवसचे दिवस निश्चल ठेवतात, तेव्हा पिंजऱ्याला खरेच काम असते. पुढे २५ डिसेंबर १९६९ रोजी सायकोने ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणले. तेही पहिल्यांदा मोजकेच, सोन्याच्या पेटीत आणि एका मोटारीच्या किमतीत! अचूकतेची शर्यत तिथेच निकाली निघाली. आणि टुर्बियाँची खरी चलती सुरू झाली ती त्यानंतर. ऑदमार पिगेने हातावर आपोआप चावी भरून घेणारे, पेटीसकट ५.३ मिलिमीटर जाडीचे टुर्बियाँ मनगटी घड्याळ १९८६ साली काढले. जी गोष्ट पूर्वी तबकडीमागे दडून निमूट काम करत असे, तिच्यासाठी आता तबकडीला खिडकी पाडतात. ‘जलसा’तील प्रकार ‘फ्लाइंग’ म्हणजे अधांतरी आहे. जर्मनीतील आल्फ्रेड हेल्विग याने तो १९२० च्या सुमारास बनवला. पिंजऱ्याला वरून आधार नसतो, फक्त खालून. वेळेच्या दृष्टीने याने काहीच साधत नाही. दिसते मात्र सुंदर.

मग मर्यादित आवृत्तीची सगळीच घड्याळे श्रीमंतांची खेळणी समजायची काय? असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. आमची कसोटी एकच: या घड्याळाने कोणती चूक कमी केली?

इंग्लंडच्या जॉर्ज डॅनियल्सने तेलाचा प्रश्न धरला. नेहमीच्या एस्केपमेंटमध्ये दात घासत सरकतो, म्हणून तिथे तेल लागते. तेल जुने झाले की घड्याळाची चाल बदलते. डॅनियल्सने हे घर्षण पुष्कळ कमी करणारी ‘को-ॲक्सियल’ रचना १९७० च्या दशकात बनवली. ती स्वीकारायला उद्योगाला १९९९ साल उजाडले. ओमेगाने ती आधी मर्यादित संख्येत काढली आणि नंतर आपल्या नेहमीच्या घड्याळांत आणली.

दुसरे उदाहरण सिलिकॉनचे, आणि ते आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. बालकमानी धातूची असली की तापमानाने तिची लवचीकता बदलते. या प्रश्नावर तोड देणाऱ्या मिश्रधातूंचे काम करणाऱ्या शार्ल एदुआर गियोम यांना १९२० चे भौतिकीचे नोबेल मिळाले. घड्याळजींच्या टेबलाशी इतके जवळचे नोबेल दुसरे आठवत नाही. पण चुंबकत्व उरलेच होते. स्प्रिंगला चुंबकत्व आले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पिसाटासारखे पुढे पळते. सिलिकॉनला चुंबकाचे सोयरसुतक नाही. ते हलके आणि कठीण असते, आणि संगणकाच्या चिपसारखे कोरून हवा तो आकार काढता येतो. तापमानाने त्याचीही लवचीकता बदलते, पण वर सिलिकॉन डायऑक्साइडचा थर चढवला की हा दोष भरून निघतो. युलीस नार्दँच्या ‘फ्रीक’मध्ये २००१ साली सिलिकॉनची चाके आली. पाटेक फिलिपने २००५ साली १०० घड्याळांत सिलिकॉनचे एस्केप चाक आणि २००६ साली ३०० घड्याळांत बालकमानी बसवली. आज तिसोसारख्या कंपनीच्या, त्यामानाने आवाक्यातल्या घड्याळांतही अशी बालकमानी मिळते. झेनिथने तर २०१७ साली फक्त दहा घड्याळांत तीसेक सुट्या भागांऐवजी सिलिकॉनचा एकच अखंड दोलक बसवला. तो सेकंदाला १५ आंदोलने करतो. आपली ‘जनता’ अडीच करते. इथेही दहाच नग, पण हे दहा म्हणजे प्रयोग होते.

जाडी कमी करण्याच्या चढाओढीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रिशार मिलचे २०२२ चे १५० नगांचे घड्याळ १.७५ मिलिमीटर जाडीचे आहे. कारागिरी थक्क करणारी आहे, आणि तरीही ते घालून लोकलच्या गर्दीत शिरायची आमची छाती होणार नाही.

आता ‘जलसा’बद्दल. नवी कल्पना म्हणून त्याला आम्ही गुण देणार नाही. परंतु टायटन ही १९८४ साली क्वार्ट्झ घड्याळांसाठी सुरू झालेली, होसूरला कारखाना असलेली कंपनी आहे. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून बंगळूरला घड्याळांचे काम सुरू केले आणि २०१६ साली सरकारने तो घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. चावीच्या घड्याळाची देशातील विद्या अशी विरत चालली असताना, ग्रॅमच्या अंशात भरणारा फिरता पिंजरा इथल्या माणसांनी घडवला ही आम्हाला मोठी गोष्ट वाटते. फक्त तिला ‘शोध’ म्हणू नये, ‘हातखंडा’ म्हणावे. मुलांना या दोहोंतला फरक कळला पाहिजे.

त्या मुलीच्या प्रश्नासाठी ठाण्यातील दोन शिक्षकांनी मुलांकडून घरची पाच जुनी चावीची घड्याळे जमवली. रोज ठरलेल्या वेळी पूर्ण चावी द्यायची, मोबाइलवरील वेळेशी जुळवायचे आणि चोवीस तास एका स्थितीत ठेवायचे. पहिल्या दिवशी तबकडी वर, दुसऱ्या दिवशी चावी वर, तिसऱ्या दिवशी चावी खाली; चौथ्या दिवशी हातावर. प्रत्येक घड्याळाची तऱ्हा निराळी निघाली. एक उभे केले की मागे पडे, दुसरे नेमके पुढे जाई. हातावर घातलेल्या दिवशी मात्र बहुतेकांची चूक आधीच्या तीन आकड्यांच्या मधे कुठेतरी येऊन बसली. पाचवे घड्याळ तासाला कित्येक मिनिटे पुढे पळत होते. चुंबक असलेल्या मोबाइलच्या पाकिटावर ते रात्रभर पडून होते.

ते घेऊन आम्ही कल्याण स्टेशनाजवळच्या एका घड्याळजींकडे गेलो. ठेला तीन फूट रुंद, मालकांचे वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी घड्याळ एका छोट्या वेटोळ्याच्या यंत्रावरून अलगद उचलून घेतले आणि चुंबकत्व गेले. टुर्बियाँचे चित्र दाखवले तेव्हा त्यांनी डोळ्याचे भिंग न काढता बराच वेळ पाहिले.

“सुरेख आहे,” म्हणाले. “पण साहेब, हातावरचं घड्याळ एका जागी कधी असतं?”

मग आमच्या मनगटावरचे जुने ‘जनता’ त्यांनी मागून घेतले, कानाशी लावले, उभे धरले, आडवे धरले.

“दिवसा किती मागे पडतं?”

“वीसेक सेकंद, काका.”

“रात्री तबकडी वर करून ठेवत जा. आडवं पडलं की हे पुढे जातं. सकाळपर्यंत भरून काढेल.”

पैसे त्यांनी फक्त चुंबकत्व काढल्याचे घेतले.