मधला माणूस आणि मधला पडदा : ई-पीक पाहणीच्या इंटरफेसचे परीक्षण

संगणकीय प्रणालीचे मूल्यमापन करताना तिच्या अंतरंगाचा विचार प्रथम करण्याची प्रथा आहे. माहितीचा साठा किती, गणनाची गती किती, सुरक्षिततेची व्यवस्था कशी, हे प्रश्न महत्त्वाचे मानले जातात. आणि माणसाच्या डोळ्यांपुढे येणारा जो दर्शनी भाग, ज्याला संगणकशास्त्रात इंटरफेस म्हणतात, त्याची गणना बहुधा सजावटीत होते. घर बांधून झाल्यावर रंग द्यावा, तसा हा भाग शेवटी उरकावयाचा, अशी एक समजूत रूढ आहे. ही समजूत कितपत खरी आहे हे तपासण्यासाठी गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांधीसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. कारण तेथे पडद्यावरील एका रकान्याचा परिणाम थेट सातबाऱ्यावर आणि सातबाऱ्याचा परिणाम धानाच्या विक्रीवर होतो.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा संयोग. पहिला नमुना जमिनीवरील अधिकारांचा, दुसरा तिच्यातील पिकांचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्याखाली अधिकार अभिलेखांविषयीचे नियम १९७१ साली झाले. ह्या व्यवस्थेत हंगामाहंगामास पिकांची पाहणी करून ती बाराच्या नमुन्यात उतरविण्याचे काम तलाठ्याकडे होते. गोंदियाच्या खेड्यांत त्याला आजही 'पटवारी' म्हणतात. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, आणि भंडारा १९५६ पर्यंत मध्यप्रांताच्या परंपरेत होता. कारभाराचा पत्ता बदलला तरी जुने नाव लोकांच्या तोंडी टिकले, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. लोकांची भाषा नमुन्यांच्या मागोमाग चालत नाही.

पटवारी लेखनिक होता, तसाच तो दुभाषीही होता. शेतकरी सांगे, "तळ्याखालच्या दोन बांध्यांत आवत्या टाकला, बाकी रोवणी केली." पटवारी ह्या वाक्यातून गट क्रमांक, पिकाचे नाव, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन वेगळे काढी आणि ज्या त्या रकान्यात बसवी. शेतकऱ्याला नमुन्याची रचना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ह्या पद्धतीचे दोष उघड होते. बांधावर न जाता गेल्या वर्षाची नोंद पुन्हा उतरविली जाते, ही तक्रार सार्वत्रिक होती; आणि आपल्या शेतातील पीक सांगण्यासाठी दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहण्यात एक लाचारीही होती. तथापि दोष मान्य करूनही एक गोष्ट उरते : त्या व्यवस्थेत जमिनीची भाषा आणि दप्तराची भाषा यांच्यामध्ये एक माणूस उभा होता. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर तोच त्या व्यवस्थेचा इंटरफेस होय.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करावी असे ठरले. ह्या मोहिमेच्या घोषवाक्यात 'मीच' ह्या शब्दावर भर होता. आपला पीकपेरा आपणच लिहावयाचा, ही कल्पना निःसंशय थोर आहे. तिच्यात शेतकऱ्याच्या शब्दावरचा विश्वास आहे. परंतु लेखणी हाती देणे आणि लिहिता येईल असा कागद देणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पटवारी बाजूला झाला. नमुना मात्र तसाच राहिला. दुभाषाचे काम आता पडद्यावर आले. पडदा ते करतो काय, हाच ह्या परीक्षणाचा प्रश्न आहे.

प्रथम भाषेचा विचार करू. पिकाची माहिती भरताना शेतकऱ्याला 'पिकाचा वर्ग' निवडावा लागे, आणि त्यातील पहिला शब्द 'निर्भेळ पीक'. एकच पीक असलेले शेत, हा त्याचा अर्थ. महसुली दप्तरात हा शब्द जुना आहे. परंतु व्यवहारात दूध निर्भेळ असते, आनंद निर्भेळ असतो. ज्याने बांधीभर धान लावला आहे, त्याला आपला धान 'निर्भेळ' आहे की नाही असे विचारणे म्हणजे त्याच्या शेताविषयी न विचारता दप्तराच्या कोशाविषयी विचारणे होय. 'शेतात एकच पीक आहे की अनेक?' ह्या प्रश्नाचे उत्तर तो क्षणात देईल.

पिकाचे नाव हाही असाच प्रश्न. झाडीपट्टीत शेतात उभा असतो तो धान आणि ताटात येतो तो भात. कोकणात किंवा मावळात मात्र शेतातही भातच असते. सबंध राज्यासाठी एकच यादी करणाऱ्या रचनाकाराने दोन्ही शब्द एकाच पिकाकडे नेले पाहिजेत. एकाला प्रमाण मानून दुसऱ्याला अदृश्य करता कामा नये. त्यात हा जिल्हा मध्यप्रदेश आणि छत्तीसगड यांना लागून आहे. झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी अशा अनेक बोलण्यांची येथे सरमिसळ आहे. अशा ठिकाणी प्रमाण मराठीतील एक अवघड शब्द हा अनेकांना बंद दरवाजासारखा असतो.

याहून सूक्ष्म अडचण लागवडीच्या दिनांकाची आहे. पडदा एकच दिनांक मागतो. परंतु रोवणीच्या धानाला दोन जन्मतिथी असतात : परहे टाकल्याची एक आणि परहे उपटून बांधीत रोवल्याची दुसरी. दोहोंत काही आठवड्यांचे अंतर पडते. आवत्या पद्धतीत, म्हणजे बी थेट बांधीत फेकून पेरताना, हा प्रश्न उद्भवत नाही. कापूस किंवा सोयाबीन डोळ्यांपुढे ठेवून आखलेला रकाना धानाच्या शेतात आल्यावर संदिग्ध होतो. पटवाऱ्याला ही संदिग्धता सोडवावी लागत असे, पण ती सोडविण्याइतका धान त्याने पाहिलेला होता. पडद्याला तेवढे ज्ञान रचनाकारानेच द्यावे लागते.

क्षेत्राच्या रकान्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. दप्तर हेक्टर आणि आर यांत मोजते. शेतकरी एकरात विचार करतो. एक एकर म्हणजे सुमारे ४० आर. समजा, एखाद्याची पाच एकर जमीन आहे आणि त्यांपैकी दोन एकरांत त्याने धान लावला आहे. त्याने भरावयाचा आकडा आहे ०.८१ हेक्टर. तो सवयीने २ लिहितो. खात्याचे एकूण क्षेत्र २.०२ हेक्टर असल्यामुळे, केवळ एकूण क्षेत्राशी ताडून पाहणाऱ्या कोणत्याही तपासणीत ही चूक सापडणार नाही. नोंद होते ती जवळजवळ पाच एकर धानाची. ह्या मनुष्याने खोटे सांगितले असे कोणी म्हणणार नाही; पण सातबारा खोटा झाला, आणि चौकशी झाली तर उत्तर त्यालाच द्यावे लागेल. रकान्याशेजारी 'म्हणजे सुमारे पाच एकर' एवढे शब्द उमटले असते, तर ही चूक त्याच क्षणी त्याच्या ध्यानात आली असती. संगणकाला गुणाकार करणे जड नाही. जड आहे ते, गुणाकार कोणी करावा हा प्रश्न मनात येणे.

अशा चुकांना 'वापरणाऱ्याच्या चुका' म्हणण्याची रीत आहे, आणि ती रीत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात काही अमेरिकन बॉम्बफेकी विमाने जमिनीवर सुखरूप उतरल्यानंतर वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच आत घेत आणि विमान पोटावर बसे. दोष वैमानिकांच्या बेसावधपणाला दिला जाई. अल्फोन्स चपानिस ह्या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तेव्हा दोन्ही कळी शेजारी आणि दिसायला सारख्या असल्याचे आढळले. चाकांच्या कळीला चाकाचा आकार आणि झडपेच्या कळीला पाचरीचा आकार देणे, एवढाच त्यावर उपाय होता. त्यात माणूस बदलला नाही, वस्तू बदलली. ज्या चुका अनेक जण एकाच ठिकाणी करतात, त्यांचे मूळ त्या ठिकाणी शोधले पाहिजे, हा ह्या उदाहरणाचा धडा होय.

ई-पीक पाहणीच्या बाबतीत ह्या धड्याचा पुरावा तिच्याच दुसऱ्या आवृत्तीत मिळतो. १ ऑगस्ट २०२२ पासून आलेल्या ह्या आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश समाविष्ट झाले, त्यामुळे छायाचित्र घेताना आपण गटापासून दूर आहो काय, हे शेतकऱ्याला तेथेच कळू लागले. केलेली नोंद ४८ तासांत एकदा स्वतः दुरुस्त करण्याची सोय झाली. मिश्र पिकांत मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिके लिहिता येऊ लागली. मदतीसाठी वेगळे बटण आले. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून दहा टक्के नोंदींची तपासणी तलाठ्याने करावी असे ठरले. वर्षभरात शेतकरी बदलले नव्हते. बदलला तो पडदा. आणि ज्या अर्थी तो बदलावा लागला, त्या अर्थी आदल्या वर्षीच्या अडचणींचा काही भाग पडद्याच्याच पदरात घातला पाहिजे. विशेषतः दुरुस्तीची मुभा ही केवळ सोय नव्हे. शाईने लिहिण्यापूर्वी पटवारी जो 'नक्की ना?' असा प्रश्न विचारी, त्याचे ते यांत्रिक रूप आहे.

एक प्रश्न मात्र सर्वांत गंभीर आहे, आणि तो दिसतो सर्वांत क्षुल्लक. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव ह्या तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात मोबाइलचे जाळे क्षीण असते. अशा ठिकाणी भरलेली माहिती आधी मोबाइलमध्ये साठते आणि जाळे मिळाल्यावर वर पाठवावी लागते. म्हणजे 'साठली', 'पोहोचली' आणि 'सातबाऱ्यावर चढली' ह्या तीन वेगळ्या अवस्था झाल्या. बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र छायाचित्र निघाले की काम संपले. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात जो अपघात झाला, त्यात एका झडपेचा दिवा कारणीभूत होता. झडप बंद होण्याची आज्ञा गेली एवढेच तो दिवा सांगत होता. झडप प्रत्यक्षात उघडीच अडकली होती. दोन तासांहून अधिक काळ चालकांना ते उमगले नाही. आज्ञा आणि अवस्था यांतील भेद लपविणारा पडदा किती घातक ठरू शकतो, याचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे. धानाच्या बांधीत स्फोट होत नाही. तेथे एवढेच होते की दिवाळीनंतर हमीभावाने धान विकावयास निघालेल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर धान नसतो. पाहणीची मुदत तेव्हा संपलेली असते आणि पीक कापलेले असते. नव्याने काढावयाला छायाचित्रही उरत नाही.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की प्रशिक्षण दिले म्हणजे पुरे. प्रशिक्षणाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु वर्षातून दोन-तीन वेळा वापरावयाच्या साधनाचे प्रशिक्षण दरवेळी विसरले जाते. जे साधन रोज हाती असते त्याचाच सराव होतो. क्वचित वापरली जाणारी वस्तू स्वतःच बोलकी असावी लागते. दुसरा आक्षेप अधिक सयुक्तिक आहे : नोंद न होण्याची सर्व कारणे पडद्यात नाहीत. कित्येकांकडे योग्य मोबाइल नाही, कित्येक खातेदार गावी राहत नाहीत, सामाईक खात्यात कोणी नोंदवावे याचा निकाल घरातच लागत नाही. हे सर्व खरे आहे. चांगला इंटरफेस दारिद्र्य हटवीत नाही आणि वाटणीचा तंटाही मिटवीत नाही. पण ज्याच्याजवळ मोबाइल आहे, जो चिखल तुडवीत बांधीपर्यंत गेला आहे आणि ज्याला खरे तेच सांगावयाचे आहे, त्याचे म्हणणे जर रकान्यात अडून राहिले, तर त्याचे उत्तरदायित्व रचनेने टाळता येणार नाही.

२०२४ पासून ही पाहणी केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडली गेली, आणि शेतकऱ्यांकडून राहून गेलेल्या नोंदी पूर्ण करण्यासाठी गावोगाव सहायक नेमण्याची पद्धत आली. प्रत्येक गटाची नोंद व्हावी हा त्यामागील हेतू योग्यच आहे. तरीही परीक्षकाने त्यातील अर्थ वाचला पाहिजे. मधला माणूस काढून मधला पडदा आणला. आणि थोड्याच वर्षांत पडद्याशेजारी पुन्हा माणूस उभा करावा लागला. हा मार्ग त्याज्य नाही. किंबहुना ज्याला आधार हवा त्याला तो मिळालाच पाहिजे. मात्र सहायक आहे म्हणून पडदा दुर्बोध राहिला तरी चालेल, असा निष्कर्ष कोणी काढला, तर शेतकरी पुन्हा दुसऱ्याच्या सवडीवर जाईल आणि 'मीच' हा शब्द घोषवाक्यापुरता उरेल.

इंटरफेसचे महत्त्व कशात आहे, हे आता सांगता येते. प्रत्येक नोंदव्यवस्थेत भाषांतराचे कष्ट कोणाला तरी करावे लागतात. ते कष्ट रचनाकाराने एकदा केले नाहीत, तर गावोगावच्या शेतकऱ्यांना ते प्रत्येक हंगामात करावे लागतात, आणि भाषांतर चुकले तर दंडही तेच भरतात. म्हणून अशा प्रणालीची परीक्षा राजधानीतील सादरीकरणात घेऊन भागणार नाही. भाद्रपदातील एखाद्या दुपारी, गुडघाभर पाण्याच्या बांधीत, ओल्या हाताने, जाळे येत-जात असताना, एकरात विचार करणारा आणि धानाला धान म्हणणारा मनुष्य आपल्या शेतातील सत्य दुसऱ्या कोणाला न विचारता नोंदवू शकतो काय आणि ते पोहोचले हे त्याला कळते काय, हे पाहिले पाहिजे. ह्या परीक्षेस जो पडदा उतरेल, त्याच्यामागील सातबाऱ्यावर विसंबता येईल.