संकेतांकांतील डोळा : दृष्टिपटल-ऱ्हासाच्या रोगवर्गीकरणाची चिकित्सा

सारांश : रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण हा केवळ तांत्रिक तक्ता नसून तो एक संहिता म्हणूनही वाचता येतो. प्रस्तुत लेखात दृष्टिपटलाच्या ऱ्हासाशी संबंधित संकेतांकांची चिकित्सा केली आहे. या संकेतांकांतील सूक्ष्मता रुग्णाच्या दृष्टिहानीपेक्षा उपचारांच्या गरजेला अधिक अनुसरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना

या वर्गीकरणाचे मूळ मृत्यूच्या नोंदीत आहे. जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये सादर केलेली यादी मृत्यूच्या कारणांची होती. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ही जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मृत्यूबरोबर आजारांचीही नोंद होऊ लागली. दृष्टिपटलाचा ऱ्हास मृत्यूचे कारण ठरत नाही. त्यामुळे मृत्यू मोजण्यासाठी सुरू झालेल्या पद्धतीत अशा दीर्घकालीन हानीला कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कंसात गेलेला भेद

१९९० मध्ये स्वीकारलेल्या दहाव्या आवृत्तीत 'एच ३५.३' हा संकेतांक पीतबिंदू व दृष्टिपटलाच्या मागील भागाच्या ऱ्हासाला दिला आहे. त्याखाली वार्धक्यजन्य पीतबिंदू-ऱ्हास, पीतबिंदूला पडलेले छिद्र, त्यावरील सुरकुती, विषजन्य विकार हे सर्व एकत्र येतात. वार्धक्यजन्य ऱ्हासाचे शुष्क व स्रावी हे दोन प्रकार मात्र कंसात दिलेले आहेत. या संहितेच्या संकेतानुसार कंसातील शब्द असले काय किंवा नसले काय, क्रमांक बदलत नाही.

विरामचिन्हाच्या या साध्या नियमाचा परिणाम मोठा आहे. स्रावी प्रकारात नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या वाढतात व दृष्टी झपाट्याने खालावू शकते. शुष्क प्रकार सहसा संथ गतीने वाढतो. जून २००६ मध्ये अमेरिकेत रॅनिबिझुमॅब या डोळ्यात टोचावयाच्या औषधाला मान्यता मिळाल्यावर स्रावी प्रकारात दृष्टी टिकविणे, काहींच्या बाबतीत ती सुधारणेही शक्य झाले. ज्या भेदावर उपचार अवलंबून, तोच भेद कंसात गेल्यामुळे केवळ 'एच ३५.३' च्या आकड्यांवरून किती रुग्णांना इंजेक्शनची गरज आहे, हे सांगता येत नाही.

सूक्ष्मतेची दिशा

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केलेल्या आपल्या सुधारित आवृत्तीत शुष्क प्रकाराला 'एच ३५.३१' व स्रावी प्रकाराला 'एच ३५.३२' असे स्वतंत्र स्थान दिले. १ ऑक्टोबर २०१६ पासून त्यात उजवा, डावा वा दोन्ही डोळे आणि आजाराची अवस्था यांची भर पडली व दोन संकेतांकांचे ३६ झाले. 'एच ३५.३१३२' या एका क्रमांकातून 'दोन्ही डोळे, शुष्क प्रकार, मध्यम अवस्था' इतके कळते. स्रावी प्रकारात रक्तवाहिन्या सक्रिय आहेत की निष्क्रिय, याचीही नोंद होते. इंजेक्शन द्यावयाचे की नाही, या निर्णयाशी हा भेद थेट जोडलेला आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

याउलट रेटिनायटिस पिग्मेंटोजा या आनुवंशिक विकाराची नोंद त्याच आवृत्तीत 'एच ३५.५२' या एका संकेतांकात होते. त्याला ना डोळ्याची बाजू, ना अवस्था. या विकारामागे पन्नासहून अधिक जनुके असू शकतात. आरपीई-६५ या जनुकातील दोषावरील जनुकोपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. परंतु या उपचारास कोण पात्र ठरू शकेल, हे संकेतांकावरून समजत नाही.

सूक्ष्मता केवळ औषधामागून येते, असे मात्र सरसकट म्हणता येणार नाही. शुष्क प्रकारातील प्रगत अपक्षयाचे संकेतांक २०१६ मध्येच आले. त्यावरील पहिल्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. येथे नोंद आधी झाली व उपचार नंतर आला. म्हणूनच आनुवंशिक विकारांच्या बाबतीत उपचारांची वाट पाहत नोंद अपुरी ठेवणे समर्थनीय ठरत नाही.

आजार आणि दृष्टी

पीतबिंदूच्या ऱ्हासात मध्यवर्ती दृष्टी जाते. रुग्ण खोलीत वावरू शकतो, पण वाचू शकत नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोजामध्ये आधी रातांधळेपणा येतो, मग दृष्टिक्षेत्र आकसते. रुग्ण बारीक अक्षरे वाचतो, पण दाराच्या चौकटीला धडकतो. दोघांच्या हानीचे स्वरूप परस्परविरुद्ध आहे. दृष्टिहानीसाठी 'एच ५४' हा स्वतंत्र गट आहे. परंतु रोगाचा क्रमांक लिहिला की नोंद पूर्ण झाली असे मानले, तर हे वास्तव निसटते.

भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ची भूमिका या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यातील अंधत्व व अल्पदृष्टी यांच्या व्याख्या रोगाच्या नावावर आधारलेल्या नसून चांगल्या डोळ्याच्या दृष्टितीक्ष्णतेवर किंवा दृष्टिक्षेत्रावर आधारलेल्या आहेत. दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असल्यास, अक्षरे वाचता येत असली तरी, ती व्यक्ती अंध ठरते. वर्गीकरण 'काय झाले' असे विचारते. कायदा 'काय उरले' असे विचारतो.

समारोप

१ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत मूळ संकेतांकाला बाजू, तीव्रता इत्यादी दर्शविणारे पूरक संकेतांक जोडण्याची सोय आहे. ही निश्चितच स्वागतार्ह बाब होय. तथापि जोडणी ऐच्छिक राहिली, तर ती होईलच याची शाश्वती नाही. रोगाचा संकेतांक व दृष्टिहानीचा संकेतांक एकत्र नोंदविणे हा किमान दंडक असावयास हवा. तसेच रुग्णालयीन नोंदींवर संशोधन करणाऱ्या अभ्यासकांनी आकडे वापरण्यापूर्वी त्या संकेतांकाने कोणते भेद टिपले व कोणते कंसात टाकले, हे तपासणे अगत्याचे आहे. अन्यथा आजार मोजला जाईल, मात्र आजाराने हिरावलेली दृष्टी मोजणीबाहेरच राहील.