सान जिमिन्यानो येथील ‘बार्ना’: एका कर्तृत्वाची चिकित्सा

इटलींतील तस्कनी प्रांतांत सान जिमिन्यानो हें टेकडीवरचें लहानसें गांव आहे. तेथील चौदा जुने मनोरे पाहून प्रवासी ‘कोलेजाता’ या चर्चमध्यें शिरतो. हें चर्च ११४८ सालीं अभिषिक्त झालें. वेदीकडे तोंड करून उभें राहिलें असतां डाव्या भिंतीवर जुन्या करारांतील कथा व उजव्या भिंतीवर ख्रिस्तचरित्र रंगविलेलें दिसतें. डावी भिंत बार्तोलो दि फ्रेदी याची असून तिचें साल सामान्यतः १३६७ मानितात. उजवी भिंत कोणाची, हा प्रस्तुत विषय होय.

सोळाव्या शतकांत वासारीनें ती सिएनाच्या बार्नाची म्हणून सांगितली. काम संपत आलें असतां बार्ना परांचीवरून पडून १३८१ सालीं मरण पावला, असा त्याचा वृत्तांत आहे. गोष्ट हृदयद्रावक आहे. म्हणूनच ती टिकली. परंतु वासारी त्या प्रसंगानंतर जवळजवळ पावणेदोनशें वर्षांनीं लिहीत होता. त्याच्या शंभर वर्षें आधीं गिबेर्तीनें बार्नाचा उल्लेख केला आहे खरा, पण त्यानें या गांवांतील कथा जुन्या करारांतील म्हणून नोंदविल्या. म्हणजे साक्ष जुळते ती समोरच्या भिंतीशीं! दोन मुख्य साक्षीदारांत असा विरोध असतां नांव तेवढें घट्ट धरून ठेवणें हें बखरीवर विसंबण्यासारखें आहे. बार्ना नांवाचा चित्रकार होऊन गेला काय, असा प्रश्न पेलेओ बाच्ची यांनीं १९२७ सालींच विचारला होता.

अलीकडील बरेच अभ्यासक हें काम लिप्पो मेम्मी व त्याच्या घराण्यांतील चित्रकारांचें समजतात, आणि तें चौदाव्या शतकाच्या चौथ्या-पांचव्या दशकांत नेतात. हें मत पडताळण्याचें साधन तेथेंच आहे. चर्चशेजारच्या नगरभवनांत मेम्मीचें १३१७ सालचें, स्वनामांकित भव्य मातृचित्र आहे. दोन्ही वास्तू एकाच दिवशीं पाहणारास चेहऱ्यांची ठेवण व वस्त्रांच्या चुण्या ताडून पाहतां येतात. मात्र हा निर्णयही बहुतांशीं शैलीवर उभा आहे, हें विसरतां कामा नये.

हा वाद केवळ नांवाचा नाहीं. मिलार्ड मीस यांनीं १९५१ सालच्या आपल्या ग्रंथांत १३४८ च्या महामारीनें तस्कनींतील चित्रकलेची वृत्ति पालटल्याचें प्रतिपादन केलें, व त्यांत बार्नासही स्थान दिलें. यहूदा चांदीचीं नाणीं घेतो त्या प्रसंगीं पुरोहितांचीं डोकीं एकमेकांस भिडलेलीं आहेत; ख्रिस्तास धरण्याच्या प्रसंगीं भाले व शिरस्त्राणें यांची गुदमरविणारी दाटी आहे. ही कठोरता महामारीची छाया म्हणून समजणें सोपें होतें. चित्रें महामारीपूर्वींचीं ठरल्यास तें स्पष्टीकरण या भिंतीपुरतें कोसळतें, आणि ती तीव्रता सिएनाच्या चित्रकारांस आधींच साधली होती, असें म्हणावें लागतें. चित्रांचें मोल त्यामुळें उणें होत नाहीं. उलट दुःखद आख्यायिकेच्या आधारावांचून तीं पाहिलीं जातात.

म्हणून तेथें जाणारानें बार्नाची गोष्ट ऐकावी, पण ती आख्यायिका म्हणून. आणि नगरभवनांत गेल्यावांचून या भिंतीविषयीं मत बनवूं नये.